दोन डोळे राखून

दिवाळीचे दिवे विझून महिना लोटतो न लोटतो तोच आमच्या हातकणंगल्याच्या शिवारात कोयते बोलू लागतात. पहाटे आळत्याच्या डोंगराकडून बोचरा वारा सुटतो, उसाने लादलेले ट्रॅक्टर कारखान्याची वाट धरतात, आणि कुठे एखादे गुऱ्हाळ पेटलेले असले तर कढत्या रसाचा गोड वास गावापर्यंत येऊन पोचतो. काल ज्या बांधावर उभे राहिले तर पलीकडचा माणूस दिसत नव्हता, तिथे आज उघडे रान पसरलेले असते. पण त्या उघड्या रानाकडे पाहून इथे कुणी हळहळत नाही. ऊस गेला की शेतकरी राहिलेले बुडखे जमिनीबरोबर पुन्हा छाटून घेतो, पाणी देतो, आणि थोड्याच दिवसांत त्याच मुळांवर खोडवा हिरवा होतो. तोडल्यावाचून फुटायचे नाही, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. अशा मुलखात राहून, तोडणे बरे की वाईट, असा प्रश्न एखाद्याने काढला तर लोक त्याला वेड्यातच काढतील.

तरी तो प्रश्न मला पडला. शेतात नव्हे, घरामागच्या परड्यात, एका पेरूच्या झाडाखाली.

हे झाड माझ्या वडिलांनी लावलेले. लखनौ-४९ जातीचे. नाव लखनौचे असले तरी ही जात निवडली गेली ती आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळबागेत, १९२७ साली. हे वडील मोठ्या अभिमानाने सांगत. जणू ती निवड त्यांनीच केली होती! ते होते तोवर झाडाला दरवर्षी त्यांचा हात लागे. ते गेल्यावर पाच-सहा वर्षे झाड आपल्या मनाला येईल तसे वाढले. उंच गेले, आतून काळोखे झाले, आणि फळे धरली ती सारी शेंड्याला. पोपटांनी दिवसा खावीत, वटवाघळांनी रात्री खावीत, आणि आम्ही खाली उभे राहून उष्टी वेचावीत, असा क्रम पडून गेला.

शेवटी गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी कात्री आणि लहान करवत घेऊन परड्यात उतरलो. आई ओट्यावर उन्हाला बसली होती. ती म्हणाली, "अरे, थंडीच्या दिवसांत त्याच्या अंगावरचं पांघरूण काढतोस होय?"

मी म्हटले, "आई, त्याच्याच भल्यासाठी काढतोय."

हे वाक्य किती सहज माझ्या तोंडून गेले! वीस-पंचवीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य बसलेलेच असते. पण त्या दिवशी ते ऐकणारे आणखी एक माणूस तिथे होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारे गाव त्यांना आबा म्हणते. उभी हयात तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत छाटणी करण्यात गेली. आता हात कापतात म्हणून गावी परतले आहेत. मीच त्यांना बोलावून आणले होते. ते नुसते हसले आणि म्हणाले, "मास्तर, कात्री खिशात ऱ्हाऊ द्या. आदी झाडाभवतीनं दोनदा फिरून या."

मी फिरलो. पहिल्या फेरीत मला झाड दिसले. दुसऱ्या फेरीत फांद्या दिसू लागल्या. एकमेकींना घासून साल गेलेल्या, आतल्या बाजूला वळून काळोखात वाळलेल्या, सरळ आभाळात घुसलेल्या. मग आबांनी एका काडीवर बोट ठेवून मला डोळा दाखवला. आपल्याकडे बागाईतदार अंकुराला 'डोळा' म्हणतात. पानाच्या देठाशी, सालीत दडलेला, मिटलेला एवढासा फुगवटा. "शेंडा हाय तवर ह्यो झोपून ऱ्हातो. शेंडा गेला की उघडतो. म्हणून दोन डोळं राखून छाटायचं. डोळा न बघता छाटलं, तर ती छाटणी न्हवं, तोड."

आबांनी आयुष्यभर हाताने जाणलेली ही गोष्ट शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तपासली आहे. फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे द्रव्य तयार होते; ते खाली उतरते आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा छाटला की तो दाब जातो आणि खालचे डोळे फुटतात. पेरूला फूल येते ते अशा नव्या कोवळ्या फुटीवर. म्हणून पेरू छाटला की फळतो. यात चमत्कार काही नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाने जरा हात मागे घेतला की धाकटी भावंडे कामाला लागतात, त्यातलाच हा प्रकार.

पेरू थोडाफार आटोपल्यावर मला हुरूप आला. कोपऱ्यातल्या आंब्याकडे वळून मी कात्री उचलली, तोच आबांनी माझे मनगट धरले. "त्येला हात लावू नगा. त्यो आता मोहरायला आलाय."

मला वाटत होते, हिवाळा हा छाटणीचा काळ. तसे मी कुठल्याशा पुस्तकात वाचलेही होते. पण ते पुस्तक थंड मुलखातले. काश्मीरात किंवा हिमाचलात सफरचंदाचे झाड हिवाळ्यात सारी पाने टाकून गाढ झोपते. त्या झोपेत त्याला छाटतात. आपल्याकडे झाडे अशी एकदम झोपत नाहीत. इथला आंबा पौष-माघात मोहरतो. त्याची छाटणी करायची ती आंबे उतरल्यावर. सीताफळाची पाने गळू द्यावी लागतात. बोर उन्हाळ्यात विसावते, तेव्हा त्याची पाळी. आणि द्राक्षवेल, जी थंड देशात हिवाळ्यातून एकदा छाटतात, ती आपल्याकडे झोपतच नाही म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. मी नाताळची सुट्टी निवडली होती, कारण मला तेव्हा सवड होती. आंब्याला सवड आहे की नाही, हे मी विचारलेच नव्हते. ज्याच्या भल्यासाठी मी निघालो होतो, त्याची वेळही मला माहीत नव्हती!

मग मी मुकाट्याने पेरूकडे परतलो. पेरूची एक फांदी भिंतीवरून शेजारच्या परड्यात गेलेली आहे. तिला फळे चांगली धरतात, आणि शेजारची मुले ती पिकण्याची वाटही पाहत नाहीत. मी करवत घेतली आणि त्या फांदीच्या बुडाशी टेकवली.

"का वो मास्तर, हिनं काय घोडं मारलंय?"

मी म्हटले, "हिचा भार एका अंगाला पडतो. झाड कलेल."

आबांनी फांदीकडे पाहिले, भिंतीपलीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "कलंल म्हंता? बरं. कापायचीच तर कापा. झाड तुमचं हाय. पर झाडाचं नाव सांगू नगा."

वाचकहो, पन्नाशीला आलेल्या माणसाला असे वाक्य ऐकावे लागले की तो प्रथम चिडतो. मीही चिडलो. पण करवत काढून घेतली. फांदी निरोगी होती, तिच्यावर ऊन येत होते, तिचा जोड भक्कम होता. तिचा अपराध एवढाच की तिची फळे माझ्या हाताला येत नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी स्वतःशी हिशेब मांडू लागलो. रानातल्या झाडाला कोण छाटतो? कुणी नाही, आणि ते शंभर वर्षे जगते. सावलीत पडलेली फांदी ते स्वतःच वाळवते आणि एखाद्या वाऱ्यात सोडून देते. त्याला फळ हवे असते ते बीसाठी. पुष्कळ फळे आणि लहान असली तरी त्याचे काम भागते. मोठे, गोड, हाताला येणारे फळ हवे असते ते मला. मग छाटणीने खरे भले होते ते कुणाचे? आतली वाळकी, किडकी फांदी काढली तर झाडाचे. शेंडा खाली आणला तर माझे. दोन्ही कामे एकाच कात्रीने होतात, एकाच दिवशी होतात, म्हणून दुसऱ्याचे पुण्य पहिल्याच्या खात्यावर जमा करण्याची आपल्याला सवय लागते.

आपले पूर्वज या बाबतीत आमच्यापेक्षा सरळ होते, असे मला वाटते. वराहमिहिराने बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणण्याचा विधी सांगितला आहे. तोडण्यापूर्वी झाडाची पूजा करावी आणि त्याच्या आश्रयाला असलेल्या भूतांना दुसरीकडे राहायला जाण्याची विनंती करावी, असे तो सांगतो. त्यात, 'वृक्षा, हे तुझ्याच कल्याणासाठी' असा कांगावा नाही. लाकूड मला हवे आहे, म्हणून मी मागतो आहे, असा तो चोख व्यवहार आहे. आणि आमच्या करवीरच्या गादीशी ज्याचे नाते आहे, त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही, म्हणजे १७१५ च्या सुमारास, हीच वृत्ती दिसते. आरमाराला लाकूड लागते. आंबा-फणसाचे लाकूड उपयोगी असते. पण रयतेने ही झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड फारच जीर्ण झालेले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, असे तिथे बजावले आहे. राज्याची गरज ती राज्याची गरज. तिला रयतेच्या हिताचे सोंग दिलेले नाही.

हा विचार इथवर आला आणि झाडावरून उडून माझ्या वर्गात जाऊन बसला. तेव्हाच मला कळले की मला झोप का येत नव्हती.

कितीतरी वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. चौथीत. 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात त्याने लिहिले होते की पंचगंगा घरात बसून कंटाळली, म्हणून पाय मोकळे करायला बाहेर पडली आणि आमच्या मामाच्या जोंधळ्यात जाऊन बसली. मी ते वाक्य तांबड्या शाईने खोडले आणि वर लिहिले, 'नदीला पूर आला.' त्याच्या वहीत अशी वाक्ये पुष्कळ असत. मी ती वर्षभर खोडीत राहिलो. शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर होती. परीक्षकाला काय आवडते हे मला माहीत होते. मुलगा हुशार होता. त्याने लवकरच माझ्या मनासारखे लिहायला शिकून घेतले. त्याला शिष्यवृत्ती मिळाली. शाळेच्या फळ्यावर त्याचे नाव लागले आणि त्याच्या नावाखाली, न लिहिता, माझेही लागले. आणि हे सारे खोडणारा मनुष्य रात्री घरी कंदील-दिव्यापाशी बसावे तसा दार लावून बसून कादंबरी लिहीत होता. नद्यांना बोलके करीत होता!

मराठीत 'कलम' हा शब्द मोठा विलक्षण आहे. लेखणीलाही कलम म्हणतात, झाडाला झाड जोडण्यालाही कलम म्हणतात, आणि शिर कलम करणे हाही वाक्प्रचार आहे. लिहिणे, जोडणे आणि तोडणे. एकाच शब्दाच्या तीन हातांपैकी त्या वर्षी माझा कोणता हात त्या मुलाच्या वहीवर चालला होता, हे मी कधी पाहिले नव्हते.

गेल्या जूनमध्ये तो मुलगा आपल्या मुलीला घेऊन शाळेत आला. आता तो इचलकरंजीला हिशेबाचे काम करतो. वाकून पाया पडला. म्हणाला, "गुरुजी, पोरगी फार बडबडी आहे. काहीच्या बाही बोलत असते. मला लावलंत तसं वळण हिलाही लावा."

मी विचारले, "तू आता काही लिहितोस की नाही?"

तो हसला. त्या हसण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. उलट कृतज्ञताच होती. "लिहितो की गुरुजी. रोज लिहितो. पण आता चुकत नाही."

कुणी शिवी दिली असती तर मी ती विसरलो असतो. हे वाक्य मला विसरता येत नाही.

माणसाच्या कातडीला जखम झाली तर ती भरून येते. झाडाचे तसे नसते. अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिले की झाड जखम भरून काढीत नाही; ते तिला कोंडून टाकते. जखमेभोवती आतल्या आत भिंती घालते, तो भाग उरलेल्या अंगापासून तोडते, आणि वरून नवे लाकूड वाढवीत नेते. काही वर्षांनी बाहेरून पाहणाऱ्याला तिथे साधी गाठ दिसते. आत मात्र तो काप, ज्या दिवशी झाला तसाच, झाड असेतोवर राहतो. म्हणूनच फांदी कापताना तिच्या बुडाशी असलेले जाडसर कडे शाबूत ठेवायचे असते. कारण मिटवण्याची ताकद त्या कड्यात असते. कडे कापले तर झाडाला मिटवायलाही कठीण जाते, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो.

जगदीशचंद्र बोसांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवले होते की वनस्पती आघाताला प्रतिसाद देतात. म्हणून त्यांना आपल्यासारख्या वेदना होतात असे मात्र म्हणता येत नाही; त्यांना मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. माझ्या हस्तलिखितातले प्रकरण मी फाडले तर कागदाला काहीच होत नाही. पेरूची फांदी कापली तर झाड ती गोष्ट अंगात जपून ठेवते. आणि मुलाचे वाक्य खोडले तर? तो ते कोंडून टाकतो, वरून सुंदर अक्षर वाढवतो, आणि मोठा झाल्यावर येऊन आपल्या पाया पडतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग कात्री फेकून द्या! मलाही दोन दिवस तसेच वाटत होते. पण माझ्या परड्यात एक लिंबाचे झाडही आहे. त्याला दयेपोटी म्हणा, आळसापोटी म्हणा, मी कधीच हात लावला नव्हता. बुंध्यावरून पानसोट फुटले, सरळ आणि काटेरी. त्यांनी सारा रस ओढला, आतली हवा कोंडली, वरच्या फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. आबांनी ते पाहून मान हलवली. "ह्येला मया नव्हं मास्तर, ह्येला हयगय म्हंत्यात." ज्या मुलाला आपण चुकीचे शब्द तसेच लिहू देतो, पाढे न येता वरच्या वर्गात ढकलतो, त्याच्यावर आपण माया करीत नाही. झाड रानातले असते तर गोष्ट वेगळी. एकदा ते आपण परड्यात आणले, आपल्या भिंतींच्या आत लावले, की न छाटणे हीसुद्धा आपलीच करणी होते.

म्हणजे कात्री सुटत नाही. सुटायला हवे ते वाक्य. 'तुझ्याच भल्यासाठी' हे वाक्य हातात कात्री असताना उच्चारू नये, एवढाच धडा मला पेरूखाली मिळाला. त्या जागी स्वतःला विचारावे: यातले त्याचे किती आणि माझे किती? माझा वाटा त्यात असणे हे पाप नव्हे. आईला बसल्या जागी पेरू मिळावा असे मला वाटते, यात लाजण्यासारखे काय आहे? पण माझा वाटा मी कबूल केला की हात आपोआप जपून चालतो. जे आपल्यासाठी मागून घ्यायचे, ते माणूस ओरबाडून घेत नाही. आणि छाटून झाल्यावर पाठ फिरवत नाही. आळे करतो, खत घालतो, पाणी देतो.

पेरूची राहिलेली छाटणी आम्ही त्या आठवड्यात पुरी केली. मोठ्या कापांवर मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावली. या मिश्रणाची कथा मोठी गमतीची आहे. फ्रान्सच्या बोर्डो भागात वाटेवरच्या द्राक्षवेलींना मोरचूद-चुना फासत, तो येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की नेमक्या त्याच वेलींवर रोग पडत नाही. १८८५ साली त्याने ते जगापुढे मांडले. चोरांच्या संशयातून जन्मलेले औषध माझ्या हाती होते, आणि भिंतीवरून शेजारी गेलेली फांदी माझ्यासमोर होती. मी हसलो आणि ब्रश पुढच्या कापाकडे नेला. ती फांदी आहे तशीच आहे.

फाल्गुनात राखलेले डोळे उघडले. चैत्रात पांढरी फुले आली. श्रावणात पेरू हाताला आले. पावसाळी पेरू थंडीतल्याइतका गोड नसतो, तसा तोही नव्हता. एखाद्यात अळीही निघाली. पण आईने ओट्यावरून उठून, काठी न घेता, आपल्या हाताने एक तोडला. आबांना पाचसहा नेऊन दिले. भिंतीपलीकडच्या फांदीचे किती निघाले, ते शेजारच्या मुलांना विचारावे लागेल.

आणि ती मुलगी? दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गाला 'आमच्या दारातले झाड' हा विषय दिला होता. तिने लिहिले आहे: 'आमचा शेवगा रात्री चंद्राला सेंगांनी ढोसतो मनून चंद्र पुढे सरकतो.' वही माझ्यासमोर उघडी आहे, आणि तांबडे पेन माझ्या हातात आहे. 'सेंगांनी'चे मी 'शेंगांनी' केले. 'मनून'चे 'म्हणून' केले. मग वहीभोवतीने मनात दोनदा फिरून आलो.

चंद्र तसाच ठेवला आहे.